बंगईला चिकटलेलं पातळ आणि शेडमधले अकरा डबे

पोळ्याच्या आठवडाभर आधी नागपूरच्या महाल भागातल्या एका आजींची बंगई माझ्याकडे दुरुस्तीला आली. बंगई म्हणजे झोपाळा, हे विदर्भाबाहेरच्यांसाठी. जुन्या सागाचा एकसंध पाट, चार पितळी कड्या आणि आजींची एकच अट: महालक्ष्म्या घरात यायच्या आत बंगई परत जागेवर टांगलेली हवी.

माझं काम मोठं नाही. मानेवाड्यात राहत्या घराच्या गच्चीवर टिनाचं शेड घातलंय, तिथे जुनं लाकूडसामान दुरुस्त करतो. निखळलेले सांधे, तुटलेले पाय, उडालेलं पॉलिश. कड्या आजींकडेच ठेवल्या आणि पाट तेवढा वर चढवला. घासला, भेगा भरल्या. पॉलिशला बसताना फळीवर नजर गेली तर मागच्या दिवाळीआधी केलेलं लाखेचं पॉलिश सव्वा लिटर उरलेलं. वार्निशच्या रिकाम्या पत्र्याच्या डब्यात ठेवलं होतं. झाकण इतकं घट्ट की उघडायला पेचकस लागला. वास नेहमीचा, स्पिरिटचा. रंग काळपट वाटला, पण सागावर खुलेल अशी मनाची समजूत घातली, कापडातून गाळलं आणि बोळ्याने हात मारायला लागलो.

लाखेच्या पॉलिशचा हात पंधरा मिनिटांत बोटाला लागेनासा होतो. हा तासभर ओलसर राहिला. बाहेर पावसाची रिपरिप चालू होती, म्हणून दोष हवेला दिला. दोन दिवसांत पाच हात झाले, पोळ्याच्या दिवशी बंगई टांगून आलो. दुसऱ्या दिवशी सकाळी फोन.

"अरे बाळा, पातळ चिकटून राहिलं न माझं बंगईला!"

तो दिवस मारबतीचा, म्हणजे रोगराई-इडापिडा घेऊन जाणाऱ्या पुतळ्याच्या मिरवणुकीचा. मिरवणुकीमुळे महालात गाडी शिरेना, लांब लावून पायी गेलो. पाटावर आजींच्या पातळाच्या विणीचा ठसा उमटला होता, काठाच्या रुईफुलांसकट. नखाने दाबलं तर नख आत जात होतं. आजी रागावल्या नाहीत. त्यांनी फक्त पातळ दाखवलं. ते जास्त लागलं.

पाट परत आणला. लाखेचा एक मोठा गुण असा, की वाळली काय आणि न वाळली काय, स्पिरिटमध्ये ती परत विरघळते. स्पिरिटमध्ये भिजवलेल्या कापडाने एका दुपारी सगळं पुसून काढलं. दुसऱ्या एखाद्या फिनिशने असा घोळ केला असता तर रंधा किंवा पेंट रिमूव्हर काढावा लागला असता. नवा चपडा, म्हणजे लाखेचे सुके पापुद्रे, आणला, एक लिटर स्पिरिटला २४० ग्रॅम या मापाने रात्रभर भिजवला, आणि महालक्ष्म्यांच्या दोन दिवस आधी बंगई पुन्हा टांगली. आजींपुरतं प्रकरण तिथे मिटलं. माझ्यापुरतं तिथून सुरू झालं.

काचेवरचे दोन थेंब

हवा दमट होती हे खरं. पण दमट हवेत लाखेवर पांढरट ढग येतो, ती चिकट राहत नाही. म्हणून जुन्या खिडकीच्या काचेचा तुकडा घेतला, एका बाजूला जुन्या पॉलिशचा थेंब, दुसऱ्या बाजूला नव्याचा. एकच काच, एकच फळी, एकच हवा. सकाळी नव्या थेंबाला नख लावलं तर तो टचकन उडाला. जुन्यात नख गुळाच्या खड्यात जावं तसं गेलं. हवेचा दोष नव्हता.

काच घेऊन इतवारीत एका काकांकडे गेलो. उभा जन्म पॉलिश करण्यात गेलेला माणूस. त्यांनी काच उजेडाकडे धरली, बोटाने जुना थेंब दाबला आणि म्हणाले, "भाऊ, हे पॉलिश म्हातारं झालं. याले आता कितीबी स्पिरिट पाजा, वाळत नाई."

मी म्हटलं, "पण काका, झाकण एकदम घट्ट होतं."

"झाकणाचा काय संबंध? म्हातारपण काय झाकणातून येते का?"

काकांचं म्हणणं रसायनशास्त्राला धरूनच होतं. लाखेच्या राळेत आम्ल गट असतात आणि स्पिरिट म्हणजे अल्कोहोल. आम्ल आणि अल्कोहोल एकत्र नांदले की हळूहळू एस्टर तयार होतात. लाख स्पिरिटमध्ये विरघळली त्या दिवसापासून हे चालू असतं, आणि एस्टर झालेली लाख मऊ राहते. हवा लागो वा न लागो. डबा काठोकाठ भरा, गळ्यापर्यंत मेण ओता, तरी आतलं काम थांबत नाही. सहा महिने ते वर्ष एवढंच विरघळलेल्या लाखेचं आयुष्य धरायचं, आणि उष्णता तेही कमी करते. अशा क्रिया दहा अंश वाढले की ढोबळमानाने दुप्पट वेगाने होतात. माझ्या डब्याने तर अख्खा उन्हाळा टिनाखाली काढला होता, नवतप्याच्या नऊ कडक दिवसांसकट. नागपूरच्या सावलीतल्या पाऱ्याने २३ मे २०१३ ला ४७.९ अंश गाठले होते. टिनाखाली सावलीचे आकडे चालत नाहीत. तिथे पुढच्या मे महिन्यात मी थर्मामीटर टांगला, तर दुपारी ५१ आणि पहाटे ३० दिसले.

काळपट रंगाचं कारण वेगळं होतं. लाख लोखंडाशी रमली की काळी पडते, आणि डब्याच्या आतला थर एका जागी खरवडला गेलेला होता. पेचकसानेच, दुसरं कोण! म्हणजे एकाच डब्यात दोन चुका होत्या, आणि जी खबरदारी मी घेतली होती, घट्ट झाकणाची, ती दोन्हींवर निरुपयोगी होती.

हे कळल्यावर बाकीच्या डब्यांकडे बघवेना. मी सगळ्यांना एकच नियम लावला होता: काम झालं की झाकण ठोकायचं आणि फळीवर ठेवायचं.

अकरा डबे

रविवारी सगळे खाली उतरवले. बायको म्हणाली, मारबत चार दिवस उशिरा निघाली असती तर बरं झालं असतं, हेही तिच्यासोबत गेले असते. "घेऊन जाय गे मारबत" म्हणत तिने एकेक डबा माझ्यापुढे सरकवला. अकरापैकी सहा बाद निघाले. बाद होण्याच्या तऱ्हा मात्र निरनिराळ्या.

पहिला तेलाच्या वार्निशचा. एक लिटरचा डबा, निम्मा रिकामा, वर चामड्यासारखी तीनेक मिलिमीटर जाड साय. जवसाचं तेल वाळतं म्हणजे त्यातून काही उडून जातं असं नाही, ते हवेतला ऑक्सिजन ओढून घेऊन घट्ट होतं. पण ही साय पाहून मला हिशेब करावासा वाटला. अर्धा लिटर हवेत ऑक्सिजन शंभर मिलिलिटरच्या आसपास, वजनाने ग्रॅमचा सातवा हिस्सा. असं तेल पुरतं वाळताना स्वतःच्या वजनाच्या दहा टक्क्यांच्या वर ऑक्सिजन घेतं. म्हणजे डब्यात कोंडलेली हवा फार तर ग्रॅम-दीड ग्रॅम तेल सुकवेल. दुधावरच्या सायीपेक्षाही पातळ पापुद्रा. मग तीन मिलिमीटर आले कुठून?

झाकण बघितलं तेव्हा कळलं. कडेच्या खाचेत वार्निश सांडून सांडून वाळलेलं. त्या खडबडीवर झाकण ठोकलं की वरून घट्ट वाटतं, पण बसत नाही. अशा डब्याला दिवस-रात्रीचा फरक म्हणजे भाता. ३० चे ५१ अंश झाले की आतली हवा सात टक्क्यांनी फुगते, रात्री तेवढीच आकसते. अर्ध्या लिटरमागे रोज पस्तीस मिलिलिटर जुनी हवा बाहेर आणि नवी आत. सहा महिन्यांत सहा लिटरच्या वर. जाताना ती टर्पेंटाइनची वाफही घेऊन जाते, हे वेगळंच. डबा अर्धा रिकामा ठेवणं ही चूक होतीच. त्याहून मोठी चूक तो श्वास घेईल अशा जागी ठेवण्याची होती.

साय कडेने सुरीने कापून अखंड उचलली. ती ढवळून आत घालायची नाही, तिचे तुकडे पुढे लाकडावर दाण्यासारखे येतात. खालचं वार्निश कापडातून गाळलं, काचेवर थेंब टाकला, दुसऱ्या दिवशी नीट वाळला. डबा वाचला.

पीयू म्हणजे पॉलियुरेथेन पॉलिश, ते घट्ट व्हायला त्यात हार्डनर मिसळतात. त्या हार्डनरचा डबा मी उघडायच्या आधीच बोलत होता. झाकण वर फुगलेलं. पीयूचा हार्डनर म्हणजे आयसोसायनेट, त्याला ऑक्सिजनशी घेणंदेणं नाही, त्याचं वैर पाण्याशी. हवेतली ओल मिळाली की तो घट्ट व्हायला लागतो आणि सोबत कार्बन डायऑक्साइड सोडतो. जूनमध्ये पावसाच्या दिवशी अर्धा डबा वापरून बाकीचा बंद केला होता. आत नागपूरचा अख्खा मृगच कोंडला म्हणायचा. असा फुगलेला डबा पेचकसाने झटकन उघडू नये. मी ओलं पोतं वर टाकलं, तोंड फिरवलं आणि कडेने हळूच दाब सोडला. आत जेली झालेली होती. तिला कुठलंही थिनर लागू पडत नाही. इथे जाता जाता एक गोष्ट: पीयूत पीयूचंच थिनर घालावं. एनसी म्हणजे नायट्रोसेल्युलोज पॉलिश, त्याच्या थिनरमध्ये अल्कोहोल असू शकतं, आणि हार्डनर पॉलिशशी जुळायचं सोडून त्यालाच जाऊन भिडतो.

मेलामाइन हेही हार्डनर मिसळून लावायचं पॉलिश, त्याची एक बाटली दगड झाली होती. त्यात दोष साठवणीचा नाही, अकलेचा. हार्डनर मिसळून उरलेलं मी "उद्या लागेल" म्हणून बंद करून ठेवलं होतं. हार्डनर पडला की घड्याळ सुरू होतं, झाकण ते थांबवत नाही. न मिसळलेलं मेलामाइन त्याच फळीवर दीड वर्ष धडधाकट होतं. त्याचा हार्डनर आम्ल असल्याने प्लास्टिकच्या बाटलीतच ठेवायचा, पत्र्याला तो खातो.

एनसी सीलर, म्हणजे पॉलिशआधी लाकडाची छिद्रं बुजवणारा थर, काकवीसारखा दाट झाला होता. हा मात्र गरीब प्राणी. तो फक्त थिनर उडून वाळतो, आत कुठलीही क्रिया होत नाही, म्हणून थिनर घातलं आणि तळापासून ढवळलं की पुन्हा माणसात आला. तळाशी बसलेली पांढरी माती म्हणजे घासायला सोपं जावं म्हणून घातलेली पूड, ती फेकायची नाही. डब्याच्या कडेवरची एनसीची वाळलेली पापडी मात्र ठिणगीला क्षणात भडकते, तिच्याजवळ ग्राइंडर चालवू नये.

पाण्यातल्या फिनिशला कुबट वास मारत होता. ट्रेमध्ये उरलेलं मी परत डब्यात ओतलं होतं, ब्रशमधल्या घाणीसकट. बुरशी-जिवाणूंना आणखी काय हवं? कडेला गंजाचे तांबूस कण. टाकून दिलं. मेणाचं पॉलिश कडक झालं होतं, ते गरम पाण्याच्या पातेल्यात डबी ठेवून, गॅस बंद केल्यावर, थोडं टर्पेंटाइन घालून मऊ केलं. बाकी सांगण्यासारखं काही नाही.

नाही, एक आहे. डब्यांमागे तेल पुसलेल्या चिंध्यांचा बोळा सापडला. जवसाचं तेल वाळताना उष्णता सोडतं, बोळ्यात ती कोंडते आणि काडी न लावता चिंध्या पेटू शकतात. वर टीन, शेजारी थिनर. माझ्या पोटात गोळा आला तो तेव्हा, आजींच्या फोननेही आला नव्हता. आता अशा चिंध्या गच्चीच्या कठड्यावर एकेक पसरून वाळवतो.

जागा कुठली?

डबे शेडमध्ये राहू शकत नाहीत हे ठरलं. पण नागपुरात घरातली सर्वांत गार जागा म्हणजे कूलरची खोली, आणि उन्हाळ्यात सर्वांत दमट जागाही तीच. बाहेर हवा कोरडी ठणठणीत, आत ओला वारा. तेलाच्या वार्निशला आणि लाखेला ती खोली मानवेल, हार्डनरला नाही आणि पत्र्यालाही नाही. शेजाऱ्यांनी सुचवलं की माठासारखी ओली पोती गुंडाळा. गारवा मिळेल, पण महिन्याभरात कडा गंजतील आणि पुढच्या वेळी गंज पॉलिशमध्ये पडेल. जिन्याखालची जागा बायकोनेच हाणून पाडली: घरातून बाहेर पडायच्या एकमेव वाटेवर थिनर ठेवायचं का? इन्व्हर्टरजवळ नाही, स्वयंपाकघरात नाही, जेवणाच्या फ्रिजमध्ये तर मुळीच नाही.

शेवटी उत्तरेकडच्या अडगळीच्या खोलीत जमिनीलगत, भिंतीला लागून एक लाकडी पेटी ठेवली, कुलूप लावून. मे महिन्यात तिथे पारा ३४-३५ च्या वर गेला नाही आणि दिवस-रात्रीत तीन-चार अंशांचाच फरक राहिला. तो फरक माझ्या मते गारव्याइतकाच कामाचा. भाता बंद झाला.

मग प्रत्येकाची सोय वेगळी. तेलाचं वार्निश डबा उघडला त्याच दिवशी छोट्या काचेच्या बाटल्यांत गळ्यापर्यंत भरतो, म्हणजे एका वेळी एकच बाटली उघडते. शेवटची बाटली अर्धी राहिली तर त्यात पोरांच्या काचेच्या गोट्या धुऊन, वाळवून टाकतो, पातळी वर येते. आट्यांना बोट फिरवून किंचित व्हॅसलिन, नाहीतर झाकण कायमचं बसतं. कोल्ड्रिंकच्या बाटल्या वापरा असं पुष्कळ जण सांगतात, दाबून हवा काढता येते म्हणून. घरात लहान पोरं आहेत, मी नाही वापरत. लोणच्याची रुंद तोंडाची बरणी वापरली तरी तिच्यावर मोठ्या अक्षरात "विष" लिहितो.

काही जण झाकण लावण्याआधी डब्यात फुंकर मारतात, आपल्या श्वासात कार्बन डायऑक्साइड असतो म्हणून. असतो, पण चार-पाच टक्के. ऑक्सिजन सोळा-सतरा टक्के उरलेलाच असतो, आणि वर फुकटची वाफ. वेल्डिंगवाल्याकडचा आरगॉन मात्र खरंच उपयोगी. हवेपेक्षा जड असल्याने तो आत सोडला की डब्यातली हवा बाहेर ढकलतो. मी अजून त्या वाटेला गेलो नाही, गोट्या स्वस्त पडतात. डबा उलटा ठेवायची युक्तीही करून पाहिली. साय तळाशी येते हे खरं, पण झाकण तंतोतंत बसत असेल तरच, आणि तसं बसत असेल तर उलटा करायची गरजच काय?

जे डब्यातच राहतं त्याच्या खाचेत खिळ्याने चार-पाच भोकं पाडतो. ओतताना खाचेत साचलेलं परत आत गळतं, आणि झाकण बसलं की भोकं त्याखाली झाकली जातात. झाकणावर थेट हातोडी मारत नाही, वर लाकडाचा ठोकळा धरून चौफेर ठोकतो. डबा उघडायला पेचकसाऐवजी चपटी पट्टी.

लाख आता कोरडीच ठेवतो. चपडा पेटीत, कोरड्या बरणीत. तोसुद्धा अमर नाही. शेडमधला जुना चपडा उन्हाळ्यात एकमेकांना चिकटून ढेकूळ झाला होता, आणि त्यातला काही भाग स्पिरिटमध्ये दोन दिवसांनीही विरघळेना, तळाशी जेलीसारखा बसला. विरघळवतो ते कामापुरतं, दोन-तीनशे मिलिलिटर, काचेतच. गोंदियाकडची लाख पळसावर-कुसुमावर इतक्या कष्टाने पिकते, तिला माझ्या डब्यात म्हातारं करण्यात काय अर्थ?

हार्डनरचा प्रश्न मी सोडवला असं म्हणवत नाही. सर्वांत लहान पॅक घेतो, पावसाळ्यात उघडतच नाही, उघडला तर तोंड पुसून, झाकण लावून, सिलिका जेलच्या पुड्यांसोबत हवाबंद डब्यात ठेवतो. तरी या वर्षी एक वाया गेलाच. उरलेला हार्डनर जपण्यापेक्षा कामाचं माप आधी नीट काढणं स्वस्त पडतं, असं आता वाटायला लागलंय.

बाद झालेले सहा डबे महिनाभर पेटीशेजारी पडून होते. नालीत ओतणं हा इथला सर्रास मार्ग, पण तो मला पटत नाही. २०१६ च्या घनकचरा नियमांनी रंगाचे डबे घरगुती घातक कचऱ्यात धरले होते, ते ओल्या-सुक्यात टाकायचे नसतात. जे पातळ होतं ते शेणाच्या गोवऱ्यांच्या भुशात जिरवायचं माझ्या डोक्यात आलं होतं. चिंध्यांची आठवण झाली आणि वाळूत जिरवलं, उघड्यावर घट्ट होऊ दिलं, मग वेगळं बांधून दिलं.

पुढचा पोळा

प्रत्येक बाटलीवर आता चिकटपट्टी असते: काय आहे, कधी उघडलं, कधी काचेवर तपासलं. तारखा माझ्या लक्षात राहत नाहीत म्हणून काकांची पद्धत उचलली, सण लिहितो. "पोळ्याला भिजवली." "संक्रांतीला उघडलं." लाखेच्या बाटलीवर पोळा लिहिला असेल आणि होळी पेटून गेली असेल, तर ती गिऱ्हाइकाच्या सामानाला लागत नाही, शेडच्या दाराला लागते.

यंदा पेटीत आठ बाटल्या-डबे आहेत. पोळ्याआधी सगळ्यांचे थेंब काचेवर घेतले. सात रात्रीतून कडक झाले. आठवा, संक्रांतीच्या लाखेचा, सकाळी नखाला लागला. झाकण अर्थातच घट्ट होतं. काच आजींना दाखवायला नेली, कारण त्यांच्या देव्हाऱ्याचं काम आलंय. त्यांनी आठव्या थेंबाला बोट लावलं, बोट पदराला पुसलं, मग पदराकडे बघितलं.

"हे नको लावू न रे बाळा," म्हणाल्या.